नाव कोणाचं, हात कोणाचे

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपल्याकडं म्हणतात. लग्न निदान चार दिवसांत उरकतं. घर मात्र कधी कधी माणसाला पुरून उरतं. माणूस जातो आणि घर अर्धंच राहतं. असं अर्धं राहिलेलं, आणि अर्धं राहिलं म्हणूनच नावाजलेलं एक घर मी पाहिलं आहे. ते आपल्या मुलखातलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. त्याच नावाच्या नदीच्या काठावर नॅचेझ म्हणून एक लहान गाव आहे. तिथं ते घर आहे. त्याचं नाव लाँगवूड.

मी दहावीपर्यंत शिकलेला कापसाचा कास्तकार, तिकडं कसा गेलो? मुलगी-जावई टेक्सासात असतात. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो होतो. जावईबापू म्हणाले, "मामाजी, काय पाहायचं ते सांगा." म्हणलं, "उंच इमारती टीव्हीवर दिसतात. तुमच्या या देशात कापूस कुठं पिकतो, तो मुलूख दाखवा." पहाटे निघालो ते दुपार टळता नॅचेझला पोचलो.

नदीच्या अलीकडं लुइझियाना राज्याची सपाट, काळपट जमीन. ऑक्टोबर महिना होता. वावरंच्या वावरं पांढरी झालेली, आणि वावरात एक माणूस नाही. एक यंत्र चालत होतं. मागून गोल गठाण, प्लास्टिकात गुंडाळलेली, जमिनीवर टाकत होतं. आमच्याकडं वेचणीला चाळीस बाया लावाव्या तरी एवढा कापूस आठ दिवसांत घरी येत नाही. पूल ओलांडला की पलीकडं उंच दरड, आणि दरडीवर नॅचेझ गाव. जुन्या काळी इथल्या धनवंतांची रीत अशी होती, की वावरं पुष्कळशी नदीपल्याड आणि राहायचे वाडे दरडीवर, वाऱ्याला. पूर नाही, डास कमी. वावरात राबणारे मात्र वावरातच राहत.

लाँगवूड हा त्या वाड्यांतला सगळ्यांत अजब वाडा. चौकोनी नाही, अष्टकोनी आहे. आठ कोनांचं एवढं मोठं घर अख्ख्या अमेरिकेत दुसरं नाही. माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. बांधणाऱ्या मालकाचं नाव हॅलर नट. कापसाचा मोठा मळेवाला. त्याच्या मळ्यांवर सुमारे 800 गुलाम होते असं सांगतात. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल स्लोन नावाच्या नामांकित माणसानं नकाशा काढला. 1860 साली काम सुरू झालं. बत्तीस खोल्या व्हायच्या होत्या. विटा तिथंच, त्याच आवारात, गुलाम माणसांनी पाडल्या. बारीक कामाचे सुतार, गवंडी उत्तरेकडून आणले होते.

1861 साली दक्षिण आणि उत्तर यांची लढाई पेटली. बातमी आली तसे उत्तरेकडचे कारागीर हत्यारं ठेवून आपापल्या गावी निघून गेले. वरचे मजले जिथं होते तिथंच थांबले. मग नटनं घरच्या, म्हणजे गुलाम, माणसांना हाताशी धरून तळमजल्याच्या नऊ खोल्या कशाबशा पुऱ्या केल्या आणि कुटुंब तिथं राहायला गेलं. पुढं 1864 मध्ये तो न्यूमोनियानं वारला. त्याची बायको ज्युलिया लेकरं घेऊन त्या तळघरासारख्या नऊ खोल्यांत राहिली आणि 1897 मध्ये गेली. वरचा वाडा कोणी पुरा केला नाही. आजही तो तसाच आहे.

आपण जिन्यानं वर जातो आणि एकदम उघड्या विटांच्या पोटात उभे राहतो. गिलावा नाही, दारं नाहीत. मान वर केली तर तुळयांच्या आतून थेट घुमटापर्यंत नजर जाते. कारागिरांनी टाकलेली हत्यारं, लाकडी खोकी तिथं ठेवलेली दाखवतात. लोक उसासे टाकतात. मीही टाकला. खोटं कशाला सांगू, एखादं उभं पीक गारपिटीनं झोपावं तसं वाटलं. त्यात त्या नटची कथा करुण आहे. तो दक्षिणेतला असूनही देश फोडायच्या विरुद्ध होता. लढाईत त्याचा कापूस आणि मळे उत्तरेच्याच फौजेच्या हातून उद्ध्वस्त झाले. ज्युलियानं सरकारकडं भरपाईसाठी वर्षानुवर्षं दावा चालवला, आणि काही रक्कम मिळालीही.

इथपर्यंत ही एका दुर्दैवी घराण्याची गोष्ट आहे. पण मी कास्तकार माणूस. घराच्या मालकापेक्षा माझं लक्ष विटेकडं जातं. एक वीट पाडायची म्हणजे काय, ते मला माहीत आहे. माती खणायची, भिजवायची, पायानं तुडवायची, साच्यात थापायची, उन्हात पालथी करायची, भट्टी रचायची, रात्र रात्र जाळ सांभाळायचा. त्या भिंतींत अशा लाखो विटा असतील. मी जावईबापूंना विचारलं, "या पाडणाऱ्यांची नावं कुठं आहेत?" त्यांनी परतल्यावर शोधलं, मला वाचून दाखवलं. 1860 साली अमेरिकेत शिरगणती झाली. त्यात गुलामांची यादी वेगळी केलेली होती. त्या यादीत मालकाचं नाव आहे. त्याच्याखाली ओळीनं गुलाम: वय, बाई की पुरुष, रंग. नाव नाही. आपण बाजारात बैल नेतो तेव्हा पावतीवर वय, रंग, शिंगं लिहितात, तसं. त्या वेळी त्या देशात चाळीस लाखांच्या घरात माणसं अशा यादीत होती.

नॅचेझमध्येच, गावाबाहेर रस्त्याच्या फाट्यावर, या माणसांचा बाजार भरायचा. दक्षिणेतल्या सगळ्यांत मोठ्या गुलामबाजारांपैकी तो एक. व्हर्जिनियासारख्या दूरच्या राज्यांतून माणसं साखळदंडात चालवत आणायची आणि इथं विकायची. आज तिथं मोकळी जागा आहे, फलक आहेत, आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या बेड्या आहेत. 1863 च्या जुलैत उत्तरेच्या फौजेनं नॅचेझ घेतलं. मग फौजेत भरती झालेल्या काळ्या शिपायांनी त्या बाजाराचे कोंडवाडे मोडले आणि ती लाकडं छावणीच्या बराकींना वापरली. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, लाँगवूड बांधायचा थांबला तो मोठा प्रसंग म्हणून सगळे सांगतात, पण त्या गावातला त्याहून मोठा प्रसंग म्हणजे हे मोडणं. फरक एवढाच, की थांबलेलं घर उभं आहे आणि मोडलेला कोंडवाडा दिसत नाही. माणसाची कीव डोळ्यांच्या मागं चालते. जे दिसतं त्याच्यासाठी रडू येतं. ज्यांचं काहीच उरलं नाही त्यांच्यासाठी रडायला जागाच नसते.

नटच्या बापाचीही एक गोष्ट कापूस पिकवणाऱ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. तो डॉक्टर होता आणि शेतीतला मोठा प्रयोगी माणूस. मेक्सिकोकडच्या वाणापासून त्यानं सुधारलेलं बियाणं तयार केलं. त्याचं बोंड वेचायला सोपं होतं. आता आपण म्हणू, वेचणाऱ्याचे कष्ट हलके झाले. झालं उलटं. दिवसभरात जास्त वेचता येतं म्हणून रोजचं वजन वाढवलं. संध्याकाळी काट्यावर कमी भरलं की चाबूक. अशी कापसाच्या मळ्यांची रीतच होती. बियाणं चांगलं की वाईट हे बोंडावर ठरत नाही, काटा कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापल्याडच्या या घराशी वऱ्हाडच्या माणसाचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे, आणि ते पुस्तकातलं नाही, गठाणीतलं आहे. 1840 च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीनं मिसिसिपीकडचे दहा मळेवाले पगार देऊन हिंदुस्थानात आणले होते, कापूस कसा करायचा ते आपल्याला शिकवायला. त्यांनी बियाणं आणलं, सरकी काढायची यंत्रं आणली. आपल्याकडच्या हवापाण्यात त्यांचं बरंचसं फसलं. धारवाडकडं मात्र ते अमेरिकन वाण रुजलं. म्हणजे त्या मुलखाची आणि आपली ओळख लढाईच्या आधीपासूनची.

मग लढाई झाली. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त त्या गुलामांच्या हातचा होता. तो बंद पडला. गिरण्यांनी मुंबईकडं धाव घेतली. मुंबईत कापसाचा भाव भडकला, आणि त्याची ऊब वऱ्हाड-नागपुरापर्यंत आली. शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं त्या काळच्या इंग्रज साहेबांनी लिहून ठेवलं आहे. खरं असो की वाढवून सांगितलेलं असो, पैसा आला हे खरं. 1865 मध्ये लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. पण मधल्या चार वर्षांत आमच्याकडं काही ठिकाणी नवे वाडे उठले. आमच्या गावचा वाडा त्यातलाच. जुनी माणसं सांगायची, "अमेरिकेच्या लढाईच्या साली आडं चढलं."

म्हणजे हिशेब असा झाला. ज्या वर्षी नॅचेझच्या वाड्यावरचे सुतार हत्यारं टाकून गेले, त्याच सुमाराला आमच्या वाड्यावर सुतार चढले. तिथलं थांबलेलं काम आमच्याकडं पुरं झालं, असं म्हणलं तरी चालेल. यात आमच्या पूर्वजांचं पाप काही नाही. त्यांनी कोणाला बेड्या घातल्या नव्हत्या. भाव आला तो त्यांनी घेतला. कोणीही घेईल. पण तेव्हापासून मला एक प्रश्न सोडत नाही. घर कोणाचं असतं? नाव ज्याचं त्याचं, पैसा ज्याचा त्याचा, की हात ज्याचे त्याचं?

सरळ उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पैसा ज्यानं घातला त्याचं घर. मजुरी दिली, हिशेब मिटला. यात तथ्य आहे. मी विहीर खोदली तेव्हा खोदणाऱ्यांना रोजी दिली, आता ते येऊन पाण्यात वाटा मागत नाहीत, आणि मागूही नये. मजुरी ठरवून घेतलेलं काम हा सौदा आहे. पण सौदा कशाला म्हणायचं? ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याशी झाला तर सौदा. विटा पाडणाऱ्या त्या माणसांना नाही म्हणता येत नव्हतं. तिथं हिशेब मिटला म्हणणं म्हणजे ज्यानं उचललं त्यानंच पावती लिहिणं.

आणि उलटा हिशेब बघा. 1862 मध्ये वॉशिंग्टन या राजधानीच्या शहरात गुलामगिरी बंद केली, तेव्हा सरकारनं माणशी 300 डॉलरपर्यंत भरपाई ठरवली. ती दिली मालकाला! ज्यानं आयुष्य घातलं त्याला नाही. पुढं 1865 मध्ये सगळेच सुटले, पण जमीन हाती आली नाही. बहुतेक जण त्याच मुलखात, पुष्कळदा त्याच मळ्यांवर, बटईनं कापूस करू लागले आणि दुकानाच्या उधारीत अडकले. ज्युलियाबाईला दावा का करता आला? तिच्याजवळ कागद होता. किती मळे, किती कापूस, काय जळलं, सगळं लिहिलेलं होतं. यादीत ज्याचं नावच नाही, त्यानं दावा कशावर करायचा?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हिशेब मिटवणं वेगळं आणि नोंद ठेवणं वेगळं. सगळे हिशेब मिटत नाहीत. दीडशे वर्षांमागच्या विटेची मजुरी आज कोणाला द्यायची? पण नोंद करता येते. आणि नोंद म्हणजे नुसतं हळहळणं नव्हे. नोंदीला किंमत असते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. जुन्या सातबाऱ्यावर जमीन कसणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता. त्या एका रकान्यापायी गावोगाव काय काय झालं! कूळ कायदा आला, विदर्भात 1958 चा आला, आणि ज्याचं नाव लिहिलेलं होतं तो जमिनीचा धनी झाला. ज्याचं लिहू दिलं नाही, तो तीस वर्षं कसूनही बांधावरच राहिला. आजही वावर बटईनं देतात ते तोंडी. कागद करायला मालक भितो. मग गारपीट झाली की मदत मालकाच्या खात्यात, आणि नुकसान करणाऱ्याच्या अंगावर. लिहिलं तर द्यावं लागेल, ही भीती सगळ्यांना असते. म्हणजे नोंद न ठेवणं हे विसरणं नसतं. बहुतेक वेळा ते ठरवून केलेलं असतं.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना तिकडच्या विटेवरचा आणि इकडच्या विटेवरचा हात एकमेकांच्या ओळखीचा दिसला.

इथं एक गोष्ट मात्र सांभाळून बोलली पाहिजे. आमच्याकडचा सालदार आणि तिकडचा गुलाम एकच, असं म्हणू नये. सालदाराचं साल पाडव्याला ठरायचं. पटलं नाही तर तो दुसरं घर धरू शकायचा. त्याची लेकरं बाजारात विकली जात नव्हती. पण उचल घेतलेली असली की पाडवा नुसता नावाचा. फिटेना ते अंगावर पुढच्या साली. बाप गेला की पोरगा त्याच कोठ्यात. आणि वाड्यात त्याचा पाय कुठपर्यंत यायचा, हे त्याच्या जातीवर ठरायचं. वाड्याच्या पांढऱ्या मातीचं टोपलं त्यानं डोक्यावर वाहिलं, पण भिंत उभी राहिली तशी त्याच भिंतीनं त्याला बाहेर काढलं. तेव्हा दोन्हींत फरक आहे हे खरं, आणि दोन्हींत नाव नाही हेही खरं.

आमचा तो वाडा आता सात वाटेकऱ्यांचा आहे. त्यात मीही एक. दोन खण पडले. सागवान मात्र अजून घणासारखं आहे. लाकडाचे व्यापारी येऊन भाव सांगून जातात. वाडा पाडून सागवान विकावं, जागा वाटून घ्यावी, असं ठरत आलं होतं. वाड्याच्या मागच्या अंगाला, कोठ्याला लागून, एक खोली आहे. तिथं एक म्हातारी राहते. सगळे तिला मावशी म्हणतात. तिचा नवरा, सासरा आणि आजेसासरा तिन्ही पिढ्या या वाड्याचे सालदार. कवेलू फेरणं, शेणामातीनं लिपणं, पावसाळ्यात रात्रीबेरात्री वर चढून गळती बंद करणं, हे त्यांनीच केलं. मालक शहरात गेले, वाडा उभा राहिला तो त्यांच्यामुळं. बैठकीत मी विचारलं, "मावशीचं काय?" एक जण म्हणाला, "काय म्हणजे? तिचा काय हक्क? साल दिलं, धान्य दिलं, लुगडं दिलं." दुसरा म्हणाला, "दादा, तुम्ही अमेरिका पाहून आले, आता आम्हाला तत्त्वज्ञान शिकवता." हसले सगळे. मीही हसलो. पण विषय सोडला नाही.

वकील म्हणाला, मालकी तिची होत नाही. बरोबर आहे. मी मालकीचं बोलतच नव्हतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मालकाचं नाव असतं, तसा भोगवटा करणाऱ्याचाही रकाना असतो. त्या खोलीपुढं त्या रकान्यात तिचं नाव लिहावं, आणि सागवानाच्या पैशात एक वाटा तिचा धरावा, एवढं माझं म्हणणं. सातांपैकी पाच जणांनी अर्जावर सह्या केल्या. दोघांनी नाही केल्या. त्यांची भीती मला कळते. आज भोगवटा लिहिला, उद्या तिचा पोरगा जागा मागेल. मागेलही. मागितली तर तेव्हा तोंडासमोर बसून बोलू. यादीत नाव असलेल्या माणसाशी निदान बोलता येतं.

मासिक सभेत अर्ज आला, चर्चा झाली, नाव लागलं. वाटणीचा आणि सागवानाचा विषय अजून लोंबकळतो आहे. ते दोघं माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत. मावशीला मी नमुना आठचा उतारा नेऊन दिला. तिला वाचता येत नाही. "काय लिहिलं यात?" म्हणाली. म्हणलं, "मावशी, या खोलीत तुम्ही राहता, असं लिहिलं."

"ते तर सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली.

गावाला माहीत असतं. नॅचेझलाही विटा कोणी पाडल्या ते सगळ्या गावाला माहीत होतंच. माहीत असलेली माणसं गेली, की कागदावर असतं तेवढंच उरतं.